पेठला नोकरी, वय चौतीस आणि पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी: झेपेल का?

सावळघाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी बीएचएमएस (होमिओपॅथी), मग एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. सात वर्षं आरोग्य अभियानात कंत्राटी नोकरी, सध्या पेठ तालुक्यात. राहते म्हसरूळला. आरोग्य विद्यापीठ घरापासून चालत पंधरा मिनिटं, त्यामुळे सासरी-माहेरी सगळ्यांचा समज असा की हिला काय, जेवण झाल्यावर शतपावलीला जाईल आणि पीएचडी घेऊन येईल. मुलगा दुसरीत आहे. नवरा अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. तो 'कर' म्हणतो, पण 'कर' म्हणणं आणि संध्याकाळी कुकर लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सुज्ञांस सांगणे न लगे.

प्रश्न असे: नोकरी सांभाळून पार्टटाइम होईल का? नाशिकमध्येच करावी की मुंबई-पुणे? आणि मुळात करावी का?

विषय ठरलेला नाही. 'आदिवासी गर्भवतींमधील ॲनिमिया' असं काहीतरी डोक्यात आहे. ढोबळ आहे, कळतंय.

मिसळ_विथ_दही

पहिला! बाकी विषयातलं कळत नाही, पण शुभेच्छा. तुमच्या त्या पेठ रोडच्या खड्ड्यांवर आधी कोणीतरी पीएचडी करा.

नियमावली

सगळ्यात आधी कागद. यूजीसीचे पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सूट. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात, आणि महिलांना त्यावर आणखी दोन. म्हणजे तुम्हाला ताणून ताणून दहा. हे वाचून खूश होऊ नका. दहा वर्षं हातात आहेत म्हटलं की माणूस पहिली चार नुसती फाइल विकत घेण्यात घालवतो. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं.

पार्टटाइमला परवानगी आहे, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्या लागतात: पार्टटाइम पीएचडीला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू. दुसरं वाक्य लिहून सही करणारा साहेब मिळाला तर त्याचे पाय धरा.

दूरशिक्षणाने पीएचडी चालत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण थोड्याच वेळात कोणीतरी येऊन मुक्त विद्यापीठ सुचवणार.

गोदाकाठचा_बगळा

गंगापूर धरणाकडच्या मुक्त विद्यापीठातून घरबसल्या होणार नाही का? मेहुण्याने एमबीए तिथूनच केलं.

नियमावली

😂

चौथा_प्याला_चहाचा

नकारघंटा वाजवायला मी आलोय, कोणीतरी वाजवायलाच हवी.

ताई, पीएचडी करून पुढे काय? मेडिकल कॉलेजात पीएसएमला (समाजवैद्यक विभागात) प्राध्यापक व्हायचं तर एमडी लागतं, बीएचएमएसवर पीएचडीने ते दार उघडत नाही. एनजीओवाले एमपीएच आणि अनुभव बघतात. जिल्हा परिषदेत तुमच्या नावामागे डॉक्टर आधीच लागलेलं आहे, दुसऱ्यांदा लावता येत नाही. अभय आणि राणी बंग यांनी जॉन्स हॉपकिन्सला एमपीएच केलं आणि सरळ गडचिरोली गाठली. राणीताईंचा ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांवरचा लॅन्सेटमधला निबंध १९८९ चा, नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा १९९९ चा. जगभर धोरणं बदलली. पीएचडी कुठे अडली? जामखेडच्या आरोळे दांपत्याचंही तेच.

पदवीची हौस असेल तर तसं म्हणा, हौसेला मोल नाही. पण 'करिअरसाठी' म्हणत असाल तर हिशेब करा.

ओली_भेळ

>> पीएचडी कुठे अडली?

बंग पती-पत्नी दोघंही एमडी होते आणि स्वतःची संस्था उभी केली. सगळ्यांना ते जमत नाही. कंत्राटी माणसाने 'माझ्याकडे एक प्रश्न आहे' म्हटलं तर मीटिंगमध्ये त्याला बसायला खुर्ची मिळत नाही. पीएचडी म्हणजे त्या खुर्चीची पावती, असं मी तरी समजते. (मी नर्सिंगमधली. पीएचडी झाल्यावर शेजारच्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर झालीस ना, मग बीपी बघ." गेली अठरा वर्षं मीच बघतेय त्यांचं बीपी.)

सावळघाट

सगळ्यांचे आभार. चौथा प्याला, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तोच रात्री झोपू देत नाही.

'हौस' नाही हो. मला राग येतो म्हणून करायची आहे, हे कारण फॉर्मवर चालेल का माहीत नाही. सांगते. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी सुरू झाली की आमच्या गावांतून टोळ्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडकडे उतरतात. गर्भवती बायकाही जातात. माझ्याकडे त्यांची नोंदणी झालेली, माता-बाल संरक्षण कार्ड दिलेलं, लोहाच्या गोळ्या सुरू केलेल्या. पुढच्या तपासणीला बाई हजर नाही. रजिस्टरमध्ये नर्स लिहिते 'स्थलांतरित'. महिन्याच्या मीटिंगमध्ये मला विचारतात, चौथी तपासणी का राहिली? निफाडला विचारा तर म्हणतात आमच्या यादीत नाही, त्या तुमच्या. बाई फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येते ती एकदम बाळंतपणालाच, आणि हिमोग्लोबिन सात. मधल्या पाच महिन्यांत ती कोणाची होती?

असो. हे विषयाला सोडून झालं. विषय ॲनिमियाच ठेवावा का?

चुकलेला_सॅम्पल

थांबा, थांबा. विषयाला सोडून कुठे? हाच विषय आहे.

मी पेशाने बायोस्टॅटिस्टिक्सवाला, रोज कोणाचा तरी 'ए स्टडी ऑफ ॲनिमिया इन...' बघतो. 'ॲनिमिया किती' या प्रश्नाला आता पीएचडी देऊ नये असं माझं वैयक्तिक मत. ते काम एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, करतं. पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया निघाला, त्याआधीच्या फेरीत ४८ होता. जिल्ह्याची फॅक्टशीट फुकट डाऊनलोड होते. तुम्ही पाच वर्षं घालवून पुन्हा 'पन्नासच्या वर' हेच सांगणार असाल तर चौथा प्याला बरोबर आहेत.

पण 'मधल्या पाच महिन्यांत ती कोणाची होती' याचं उत्तर कुठल्याच फॅक्टशीटमध्ये नाही. सर्व्हेवाला घरी येतो तेव्हा ती मळ्यावर असते. मळ्यावर कोणी जात नाही, कारण ते तिचं घर नाही. ती दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत आहे, आणि त्या फटीत रोज उभं राहणारं माणूस तुम्ही आहात. हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या हुशार पोरांना सुचणार नाही.

सावळघाट

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. पण मोजायचं कसं? किती बायका लागतील? आम्हाला एमपीएचला नमुना किती घ्यायचा त्याचं 4pq वालं सूत्र शिकवलं होतं. त्याने करून पाहिलं (५४ टक्क्यांना ॲनिमिया, ४६ ना नाही, ५ टक्के इकडेतिकडे चालेल): ४ × ५४ × ४६ भागिले ५ चा वर्ग, म्हणजे साधारण ३९८. टोळीने निवडायचं म्हणून दुप्पट, ७९५. वीस टक्के गळती धरून ९९४. एकटी मी हजार बायका कुठून आणि कशा?

चुकलेला_सॅम्पल

गणित चोख, पण तीन घोटाळे आहेत.

५४ हा सगळ्या बायकांचा आकडा, गर्भवतींचा नव्हे. गर्भवतींची ॲनिमियाची रेषाच वेगळी: त्यांना ११ ग्रॅमच्या खाली, बाकीच्यांना १२ च्या. दुसरं, ते सूत्र 'किती टक्के' काढायला. तुमचा प्रश्न 'जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या यांच्यात फरक पडतो का' असा असेल तर दोन गटांच्या तुलनेचं सूत्र लागेल, आणि आधी ठरवावं लागेल की हिमोग्लोबिनमध्ये किती फरक पडला तर तुम्ही त्याला फरक म्हणणार. हे ठरवायला सॉफ्टवेअर लागत नाही, गाइडशी भांडण लागतं. तिसरं, दुप्पट का केलंत? शिकवलं म्हणून. एका टोळीतल्या बायका एकमेकींसारख्या किती आहेत यावर ते अवलंबून. एकाच पाड्याच्या, एकच डाळभात खाणाऱ्या असतील तर दुपटीनेही भागणार नाही. आधी छोटा पायलट (चाचणी अभ्यास) करा, मग बघू.

आणि हिमोग्लोबिन मोजणार कशाने? बोटाच्या थेंबाचं आणि शिरेतल्या रक्ताचं उत्तर एकसारखं येत नाही. यावर इतका वाद झाला की एनएफएचएसच्या सहाव्या फेरीतून ॲनिमियाची तपासणीच काढून टाकली. पेठला एका यंत्राने आणि निफाडला दुसऱ्याने मोजलंत तर तुमचा फरक यंत्रांचा असेल, बायकांचा नाही.

ओली_भेळ

संख्येच्या मागे लागून एक गोष्ट राहू नये. टोळीत जायचं म्हणजे मुकादमातून जावं लागणार. मुकादम म्हणाला 'घ्या ह्या पाच जणींच्या मुलाखती' आणि त्या मान डोलावून बसल्या, तर ती संमती कोणाची? बहुतेकींची उचल त्याच्याकडे असते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा गटांसाठी वेगळं प्रकरणच आहे, ते वाचा. एथिक्स कमिटी तिथेच पकडणार, आणि पकडलंच पाहिजे.

सतरा वर्षांची गर्भवती भेटली तर काय करणार, हेही आधी लिहून ठेवा. भेटणार. त्या वयात पालकांची संमती आणि मुलीचा होकार दोन्ही लागतात. शिवाय कायद्याने पुढचं जे काही आहे ते वेगळंच.

आणखी एक: ज्या बाईचं हिमोग्लोबिन साडेसहा आलं तिला 'धन्यवाद, पुढच्या भेटीत बघू' म्हणून निघून येता येत नाही. मग तुम्ही तिला दवाखान्यात पोचवलंत की तुमचा 'नैसर्गिक' डेटा बिघडला. बिघडू दे.

नियमावली

+१. आणि प्रश्नावली मराठीत करून भागणार नाही. पेठच्या कितीतरी बायका घरात कोकणा बोलतात. भाषांतर करून घ्या, मग तिसऱ्याच माणसाकडून परत मराठीत आणा. 'थकवा' शब्दाचं काय होऊन येतं ते बघा.

पंचवटीचा_पास

उशिरा आलो. मी पीएचडी झालेला (पब्लिक हेल्थच, साडेसात वर्षं), म्हणून थोडं कडू लिहितो.

विषय-बिषय सगळं ठीक. गाइड! गाइड! गाइड! माझे गाइड भले होते, पण चौथ्या वर्षी रिटायर झाले. मला आधी कोणी सांगितलंच नाही की त्यांची किती वर्षं उरलीत, आणि मी विचारलं नाही, कारण सरांना त्यांचं वय कसं विचारायचं? दुसरे गाइड मिळाले. त्यांनी पहिल्याच भेटीत शीर्षक बदललं. दुसऱ्या भेटीत 'हे प्रकरण काढून टाक' म्हणाले, जे मी दीड वर्ष गावोगाव फिरून लिहिलं होतं. पेपरवर तिसऱ्याच एका गृहस्थांचं नाव माझ्या आधी आलं, त्यांना मी आजतागायत पाहिलेलं नाही. संस्थेचं नाव विचारू नका, व्यनिही (व्यक्तिगत निरोप) करू नका. बायकोनेच शेवटी प्रबंध टाइप केला, कारण मी की-बोर्ड बघितला की चिडायचो.

२०२२ च्या नियमात आता आहे की निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या शिक्षकाने नवा विद्यार्थी घेऊ नये. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार. तेव्हा जाऊन तोंडावर विचारा: सर, किती वर्षं राहिली, किती विद्यार्थी आहेत? आणि त्यांच्याकडून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दोघांना तरी फोन करा. नुसतं 'सर छान आहेत' म्हणाले तर पुन्हा विचारा, 'प्रकरण पाठवल्यावर किती दिवसांनी परत यायचं?' खरं उत्तर तिथे कळतं.

मुंबईबद्दल: आयआयपीएस (लोकसंख्या विज्ञान संस्था, देवनार, १९५६ पासूनची, एनएफएचएस तेच करतात) आणि टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), दोन्हीकडे आरोग्यावरचं संशोधन चांगलं होतं. पण रोज पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी आणि तिथून हार्बरने गोवंडी, हे मी तीन महिने करून पाहिलंय. मणक्यावर पीएचडी होते.

सावळघाट

पंचवटीचा पास, वाईट वाटलं वाचून. साडेसात!

म्हणजे फुलटाइम करून नोकरी सोडावी का? घरात एक पगार बंद झाला तर गाडीचा हप्ता आहे...

फेलोशिपवाली_माई

फुलटाइम गेलात तर पैशाची सोय बघू. यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,०००, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ) झालं की ४२,०००, घरभाडं वेगळं. तुमच्या कंत्राटी पगाराशी ताडून बघा, फार फरक पडेल असं वाटत नाही. नेटमध्ये 'सोशल मेडिसिन ॲण्ड कम्युनिटी हेल्थ' असा स्वतंत्र विषय आहे, बऱ्याच एमपीएचवाल्यांना पत्ताच नसतो.

वय!! जेआरएफला ३० ची मर्यादा, महिलांना पाच वर्षं सवलत. तुम्ही चौतीस. म्हणजे हातात एखादाच डाव उरलाय, विचार करत बसू नका.

जेआरएफ नाही बसलं तरी जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेशाची वेगळी यादी लागते. नेटला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. ते गुण एक वर्ष चालतात. (पहिलीच ती परीक्षा १८ जूनला झाली आणि दुसऱ्या दिवशी रद्द! आमच्या लेकीने नाशिक-पुणे रोडवरच्या सेंटरला पावसात तास काढला होता. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा.) काही विद्यापीठं अजून स्वतःची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) घेतात, तेव्हा आरोग्य विद्यापीठाची त्या वर्षीची अधिसूचना ओळ न ओळ वाचा, विशेषतः तुमचं एमपीएच कुठल्या विद्याशाखेत धरलंय ते.

शिवाय प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप. पैसे वेळेवर येतात असं मात्र मी म्हणणार नाही, त्यासाठी पोरांनी उपोषणं केलीत.

बाल्टिमोरची_थंडी

परदेशाचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून: इथे डीआरपीएच अशी वेगळी पदवी असते, ती खातं चालवणाऱ्यांसाठी. पीएचडी संशोधकांसाठी. तुमच्या कामाचा स्वभाव बघता डीआरपीएच जवळची वाटते, पण तुमचा प्रश्न पेठ आणि निफाडच्या मध्ये आहे. तो बाल्टिमोरला बसून सुटणार नाही. इथून मी तुम्हाला पेपर मात्र हवे तितके पाठवीन.

चौथा_प्याला_चहाचा

शस्त्रं खाली ठेवतो. हा विषय असेल तर करा.

एकच पुरवणी. २०२७ ला सिंहस्थ. त्या वर्षी जिल्ह्यातली आरोग्य यंत्रणा साधुग्रामला जुंपलेली असणार, नर्सपासून साहेबापर्यंत. तुमचं फील्डवर्क त्याच पावसाळ्यात येत असेल तर आत्ताच वेळापत्रक सरकवा. २०१५ ला माझ्या मित्राचा सर्व्हे असाच अडकला होता.

मिसळ_विथ_दही

हा धागा वाचून मला वाटायला लागलंय की माझ्याही मळ्यावर येणाऱ्या टोळीत कोणी गर्भवती होती का? आमची पिंपळगावजवळ चार एकर द्राक्षं. खरं सांगतो, मी कधी विचारलं नाही. राहायला पत्र्याची शेड आणि बोअरचं पाणी देतो. फवारणीच्या दिवशी त्या शेडमध्येच असतात, आता लिहिताना लक्षात येतंय.

चुकलेला_सॅम्पल

मिसळ, तुमचा एक प्रतिसाद आमच्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा कामाचा आहे. सावळघाट, ह्यांना व्यनि करा.

सावळघाट

केला. आणि जाऊनही आले, रविवारी.

मिसळ दादांनी मळा दाखवला, वहिनींनी जेवू घातलं. मुकादमाची ओळख करून दिली, मग मी दादांना मुद्दाम लांब उभं केलं (ओली भेळ, तुमचं ऐकलं). मुकादमाने वही दाखवली. मला वाटलं होतं हीच माझी यादी. वहीत सगळी पुरुषांची नावं, आणि पुढे नुसता आकडा: २, २, ३, २. बायका त्या आकड्यात. नाव एकीचंही नाही.

शेडमध्ये सहा जणी बसल्या होत्या. दोघी गरोदर. त्यातली एक माझ्याच उपकेंद्राची निघाली, माझ्या रजिस्टरला 'स्थलांतरित' आहे. मला बघून आधी घाबरली, वाटलं ओरडायला आले. कार्ड तिच्याकडे होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी तांदळाच्या डब्यात. ऑक्टोबरनंतरचे रकाने कोरे. गोळ्या संपून दोन महिने झालेत. इथल्या आशाताई शेजारच्या गल्लीपर्यंत येतात, मळ्यात नाही, कारण मळा त्यांच्या घरांच्या यादीत नाही.

गोळ्या दिल्या. डेटा बिघडला.

चुकलेला_सॅम्पल

वही बाद. मग शेडपासून सुरू करा: गावातल्या सगळ्या मळ्यांच्या शेड मोजा, त्यातून निवडा. पिंपळगावच्या आसपास शेड किती असतील, मिसळ?

मिसळ_विथ_दही

आमच्या शिवारातच चाळीसेक. बाकीचं मोजावं लागेल. मोटरसायकल आहे, पेट्रोल तुमचं.

फेलोशिपवाली_माई

ते सगळं होईल. नेटचा फॉर्म भरला का?

सावळघाट

आज रात्री बसते, माई. फोटोची साइज जमत नाहीये, तीनदा नाकारला.

नियमावली

फोटो इकडे पाठवा, करून देतो.